काळ्या पडद्यावरची शेवटची ओळ

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक विभागात मी १९९९ पासून लॅब असिस्टंट आहे. विद्यापीठाच्या प्रात्यक्षिकांना लिनक्स लागतं. त्यामुळे कॉलेज उघडण्याआधी साठ-सत्तर मशीनवर ते टाकायचं, वर्षभर ती मशीनं चालती ठेवायची आणि मुलांनी आपापल्या लॅपटॉपवर ड्युअल बूट करताना अडकवून ठेवलेलं सोडवायचं, हे माझं काम. लिनक्स टाकणं आता खूप सोपं झालंय. अडतं ते शेवटच्या पायरीवर, बूटलोडर (मशीन सुरू होताना सिस्टिम उठवणारा छोटा प्रोग्रॅम) बसवताना. फाइली सगळ्या उतरतात, पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत जाते, मशीन रीस्टार्ट होतं आणि काळ्या पडद्यावर एक ओळ येऊन थांबते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला, तेव्हापासून ओळखीपाळखीतले लोकही घरचे जुने लॅपटॉप 'यावर लिनक्स टाकून द्या' म्हणत घेऊन येतात आणि त्यांच्याही पडद्यावर तीच ओळ येते. तिच्यासमोर बसून जे शिकले, ते क्रमाने लिहिते.

१. मशीन उठलं नाही म्हणजे डेटा गेला, असं नव्हे

एका एप्रिलमध्ये शेवटच्या वर्षाची एक मुलगी सोमवारी सकाळी लॅबच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. "मॅडम, प्रोजेक्ट गेला." शुक्रवारी रात्री तिचा लॅपटॉप उठेना. शनिवारी ती एका दुकानात गेली. तिथे सांगितलं, सिस्टिम उडालीय, फॉरमॅट मारावा लागेल. घाबरलेली होती, हो म्हणाली. आठ महिन्यांचा कोड, रिपोर्ट, सगळं त्या एका होकारात गेलं.

तिने शुक्रवारी रात्री मैत्रिणीला पडद्याचा फोटो पाठवला होता, तो मी पाहिला. 'एरर: नो सच पार्टिशन', त्याखाली 'ग्रब रेस्क्यू'. त्याच दुपारी तिने विंडोजमध्ये जागा हवी म्हणून लिनक्सचं पार्टिशन उडवलं होतं. ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर, आपलं घर शोधत होतं आणि घर सापडत नव्हतं, एवढंच झालं होतं. तिचा प्रोजेक्ट विंडोजच्या पार्टिशनमध्ये जसाच्या तसा होता. पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स सुरू करून तो कॉपी करायला अर्धा तास पुरला असता.

वाड्याचा दिंडी दरवाजा अडकला म्हणून कोणी आतलं सामान रस्त्यावर फेकत नाही. बूटलोडर हा तसा दरवाजा आहे. तो डिस्कच्या अगदी सुरुवातीला किंवा एका वेगळ्या छोट्या पार्टिशनमध्ये राहतो आणि तुमच्या फाइली त्याच्यापासून दूर, आपापल्या जागी असतात. त्या सोमवारनंतर माझ्याकडे कोणतंही बंद मशीन आलं की आधी लाइव्ह लिनक्सवरून डेटा बाहेर काढते आणि मगच बाकीच्याला हात लावते. त्यात तासभर गेला तरी जाऊ दे.

२. शेवटचं कोण बोललं, ते ओळखा

१९९९ साली आमच्या लॅबमध्ये लिनक्स आलं ते पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून. तेव्हा बूटलोडर असायचा लिलो. वेर्नर आल्मेसबर्गर यांनी १९९२ मध्ये सुरू केलेला हा प्रोग्रॅम सुरू होताना स्वतःचं नाव एकेक अक्षराने पडद्यावर लिहायचा आणि अडला की तिथेच थांबायचा. नुसतं 'एल' आणि पुढे आकडे दिसले, तर पहिला टप्पा चालला पण दुसरा वाचता आला नाही. 'एलआय' दिसलं, तर दुसरा वाचला पण चालवता आला नाही. 'एलआयएल' दिसलं, तर दुसरा टप्पा चालला, पण कर्नल डिस्कवर कुठे आहे ते सांगणारी नकाशाची फाइल वाचता आली नाही. चारही अक्षरं उमटली की आम्ही श्वास सोडायचो.

त्या काळच्या बऱ्याच बायोसना १०२४ सिलिंडरच्या पलीकडचं, म्हणजे साधारण ८.४ जीबीच्या पुढचं वाचता येत नसे. डिस्क मात्र दहा जीबीच्या येऊ लागल्या होत्या. पुढची सगळी जागा विंडोजला दिली आणि लिनक्स मागे टाकलं की मशीन अडलंच. डिस्कच्या सुरुवातीला बूटसाठी एक छोटं पार्टिशन काढायचं, हा त्यावरचा उपाय आम्ही पाचसहा मशीनं बिघडवल्यावर शिकलो. कर्नल बदलला की लिलो पुन्हा चालवायचा, हेही तसंच शिकलो.

लिलोचं काम २०१५ अखेर थांबलं आणि त्याच्या कितीतरी आधी ग्रबने त्याची जागा घेतली होती. ग्रब अक्षरं मोजून देत नाही, पण त्याच्याही प्रत्येक टप्प्याची खूण वेगळी आहे.

'नो बूटेबल डिव्हाइस' आलं, तर ते बोलणं मदरबोर्डचं आहे. त्याला बूटलोडर सापडलेलाच नाही. 'ग्रब रेस्क्यू' आलं, तर ग्रबचा गाभा वर आलाय, पण त्याला स्वतःचं फोल्डर सापडत नाही. नुसतं 'ग्रब' आणि पुढे बाण आला, तर तो पूर्ण वर आलाय, फक्त मेनूची फाइल मिळालेली नाही. मेनू दिसला, नाव निवडलं आणि मग लांबलचक आकडे-अक्षरांची ओळख दाखवत 'नो सच डिव्हाइस' आलं, तर मेनूला जुन्या पार्टिशनचा पत्ता पाठ आहे. कोणीतरी ते पार्टिशन पुन्हा फॉरमॅट केलेलं असतं आणि त्याची ओळख बदललेली असते.

आणि 'कर्नल पॅनिक' आलं, किंवा कंसात 'इनिट-रॅम-एफएस' लिहून मशीन वाट पाहत थांबलं, तर ग्रबने त्याचं काम केलेलं आहे. कर्नल उठलाय, त्याला पुढे मूळ पार्टिशन जोडता येत नाही. तिथे ग्रब दहा वेळा बसवलं तरी काही बदलणार नाही. फाइल सिस्टिम तपासावी लागते किंवा 'इनिट-रॅम-एफएस' ही सुरुवातीची रॅमडिस्क पुन्हा तयार करावी लागते. मुलांचे सर्वांत जास्त तास इथे वाया जाताना मी पाहिलेत. बिघाड दुसऱ्या मजल्यावर, आणि ते तळमजल्याचं कुलूप बदलत बसतात.

म्हणून काहीही टाइप करण्याआधी त्या ओळीचा फोटो काढायला सांगते. एकदा रीस्टार्ट केलं की ती ओळ पुन्हा तशीच दिसेल, याचा भरवसा नसतो.

३. मशीन बायोसने उठतं की यूईएफआयने, हे माहीत नसताना काही करू नका

जुनी पद्धत बायोसची, म्हणजे मेनूत जिला लेगसी म्हणतात ती. मदरबोर्ड डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो आणि त्यातला कोड चालवतो. नवी पद्धत यूईएफआयची. त्यात मदरबोर्डला स्वतःलाच फॅट फाइल सिस्टिम वाचता येते. तो एका खास छोट्या पार्टिशनमध्ये जाऊन बूटलोडरची फाइल उचलतो. विंडोज एका पद्धतीने बसवलेलं आणि लिनक्स दुसऱ्या, असं झालं की दोघं एकमेकांना उठवू शकत नाहीत. बूटलोडरच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत मला सर्वांत जास्त सापडलेलं कारण हेच.

चूक होते ती पेनड्राइव्ह लावताना. बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह अनेकदा दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा नावाआधी यूईएफआय लिहिलेला. घाईत जो हाताला लागेल तो निवडला जातो, आणि ज्या पद्धतीने पेनड्राइव्ह उठला त्याच पद्धतीने लिनक्स बसतं. लाइव्ह लिनक्समध्ये आल्यावर 'सिस' फोल्डरच्या आत 'फर्मवेअर' आणि त्याच्या आत 'ईएफआय' आहे का, ते बघा. असेल तर तुम्ही यूईएफआयने आला आहात, नसेल तर लेगसीने. पाच सेकंदांचं काम आहे. आमच्या लॅबच्या सूचनाफलकावर मी हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय.

४. आधी सेल बघा

२०१९ च्या जूनमध्ये सुट्टीनंतर लॅब उघडली आणि एका रांगेतली अकरा मशीनं उठेनात. 'नो बूटेबल डिव्हाइस'. एप्रिलअखेर सगळी व्यवस्थित चालत होती. मी लाइव्ह पेनड्राइव्ह लावून ग्रब पुन्हा बसवायला घेतलं. दोन मशीन झाली, उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच दोन पुन्हा पडलेली.

तेव्हा बायोसमध्ये शिरून तारीख पाहिली. ती कित्येक वर्षं मागे गेलेली होती. कॅबिनेट उघडून मदरबोर्डवरचा सेल काढला, इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमधून मल्टिमीटर आणून मोजला. तीन व्होल्टच्या जागी दोनच्या आसपास. मग सगळं जुळलं. मशीनला लाइट चालू असते तोवर बायोसची सेटिंग तिच्यावर तगते आणि सेलवर भार येत नाही. सुट्टीत आम्ही लॅबचा मेन स्विच बंद करून ठेवतो. पाच-सहा वर्षं जुन्या सेलवर दीड महिन्याचा भार आला आणि ते उतरले. सेल उतरला तशी सेटिंग मूळ जागी गेली, आणि त्या मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये फक्त यूईएफआय चालू होतं. आमचं लिनक्स लेगसीने बसवलेलं. ग्रबला कशाचीच बाधा झालेली नव्हती. बसवताना मी सेटिंग बदलत होते म्हणून मशीन उठत होतं आणि रात्री स्विच बंद झाला की सेटिंग पुन्हा जात होती.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून बारा सेल आणले. सीआर २०३२, म्हणजे वीस मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा. त्या नावातच माप आहे. तासाभरात रांग उभी राहिली. ज्या दोन मशीनवर मी ग्रब पुन्हा बसवलं होतं, त्यांचा मेनू मात्र नंतर नीट करावा लागला.

घरी वापरात नसलेला जुना लॅपटॉप किंवा पीसी वर्षानंतर काढलात आणि तो डिस्क सापडत नाही म्हणाला, तर आधी तारीख पाहा. तारीख चुकलेली असेल तर ग्रबला हात लावू नका.

५. डिस्कला बसवायचं, पार्टिशनला नाही

लेगसी पद्धतीत ग्रब-इन्स्टॉल या आज्ञेपुढे 'एसडीए' लिहायचं असतं, 'एसडीए१' नव्हे. एका आकड्याचा फरक, पण पहिल्यात पूर्ण डिस्क येते आणि दुसऱ्यात तिच्यावरचं एक पार्टिशन. मदरबोर्ड फक्त डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो. तो आहे ५१२ बाइटचा: ४४६ बाइट बूटच्या कोडसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनच्या नोंदींसाठी आणि शेवटचे दोन 'हा सेक्टर बूट करण्याजोगा आहे' या खुणेसाठी. एवढ्याशा ४४६ बाइटमध्ये ग्रब मावत नाही. तो तिथे फक्त पुढचा पत्ता ठेवतो आणि आपला गाभा त्याच्या मागच्या मोकळ्या सेक्टरांत ठेवतो. पार्टिशनवर बसवायला गेलात तर ही मोकळी जागा त्याला मिळत नाही आणि तो 'ब्लॉकलिस्ट'ची तक्रार करून थांबतो. कोणी तिथे सक्ती करणारा पर्याय वापरायला सांगितला तर ऐकू नका. आज चालेल आणि एखाद्या अपडेटनंतर अचानक बंद पडेल.

माझ्या हातून झालेली चूक याच्याच शेजारची आहे. एका संध्याकाळी चार मशीनवर लिनक्स टाकलं, चारही उठली, पेनड्राइव्ह काढून घरी गेले. सकाळी चारांतलं एकही उठेना. पेनड्राइव्ह लावला की उठायची. त्या मशीनांवर पेनड्राइव्हच 'एसडीए' झाला होता आणि आतली डिस्क 'एसडीबी'. मी सवयीने 'एसडीए' लिहीत गेले आणि चार वेळा पेनड्राइव्हवरच ग्रब बसवलं. सकाळी प्रात्यक्षिक होतं, बाहेरून परीक्षक आलेले होते, आणि मुलांना अर्धा तास वऱ्हांड्यात उभं राहावं लागलं. त्या मुलांची मी माफी मागितली. तेव्हापासून नावावर विश्वास ठेवत नाही. 'एलएसबीएलके' ही आज्ञा देऊन डिस्कचा आकार आणि मॉडेल वाचते. ५०० जीबीची आहे ती मशीनची, १६ जीबीचा आहे तो माझा पेनड्राइव्ह, हे मोठ्याने म्हणते आणि मगच एंटर दाबते. नव्या लॅपटॉपवर एनव्हीएमई डिस्कचं नाव वेगळंच असतं, पण सवय तीच ठेवायची.

६. जीपीटी डिस्क आणि लेगसी मशीन असेल तर एक एमबीचं पार्टिशन सोडा

जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं, म्हणजे मध्ये ६२ सेक्टर, साधारण ३१ केबी मोकळे राहायचे. ग्रबचा गाभा तिथे बसायचा. जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीच्या डिस्कवर त्याच जागी पार्टिशनांचा तक्ता असतो. मग गाभ्यासाठी 'बायोस बूट' प्रकारचं, एक एमबीचं, फॉरमॅट न केलेलं पार्टिशन द्यावं लागतं. 'एम्बेडिंग वोंट बी पॉसिबल' असा निरोप आला की हे पार्टिशन नाही असं समजा. जुन्या पीसीला नवी एसएसडी लावून देताना हा निरोप हमखास येतो.

७. 'ग्रब रेस्क्यू'ला घाबरू नका, त्याच्याशी बोला

तिथे फार थोड्या आज्ञा चालतात, पण त्या पुरतात. 'एलएस' लिहिलं की तो त्याला दिसणाऱ्या डिस्क आणि पार्टिशन सांगतो. एकेका पार्टिशनच्या आत बूट आणि त्यात ग्रब नावाचं फोल्डर आहे का, ते 'एलएस'नेच पाहायचं. सापडलं की 'सेट' वापरून त्याला दोन गोष्टी सांगायच्या: रूट कुठे आहे आणि प्रिफिक्स, म्हणजे त्याचं फोल्डर कुठे आहे. मग 'इन्समॉड नॉर्मल', आणि मग 'नॉर्मल'. मेनू वर येतो. पहिल्यांदा तो वर आला तेव्हा माझ्या शेजारी उभी असलेली मुलं ओरडली होती.

पण इथे थांबू नका. ही दुरुस्ती एकाच वेळेपुरती आहे. लिनक्स उठल्याबरोबर ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब करा, नाहीतर उद्या पुन्हा तीच काळी ओळ. आणि सगळी पार्टिशन शोधूनही फोल्डर कुठेच मिळालं नाही, तर बहुधा लिनक्सचं पार्टिशनच उडवलं गेलंय. 'अननोन फाइलसिस्टिम' असं प्रत्येक ठिकाणी येत असेल तर एक वेगळी शंका घ्या. २०२३ पासून ईएक्सटी४ फॉरमॅट करणाऱ्या साधनांनी काही नवी वैशिष्ट्यं आपोआप चालू करायला सुरुवात केली, आणि जुन्या ग्रबला ती वाचता येत नाहीत. नव्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून पार्टिशन फॉरमॅट करून त्यावर जुनं लिनक्स टाकलं की असं होतं. यात मी एकदा पूर्ण दिवस घालवलाय.

८. बाहेरून दुरुस्ती करायची तर आधी घरात शिरा

लाइव्ह पेनड्राइव्हवरून ग्रब बसवताना बरेच जण थेट आज्ञा देतात आणि ती पेनड्राइव्हवरच्या लिनक्सला लागू होते. आधी मशीनवरचं मूळ पार्टिशन 'एमएनटी'वर जोडायचं. बूटचं वेगळं पार्टिशन असेल तर ते त्याच्या आत. यूईएफआय असेल तर ते छोटं फॅट पार्टिशन त्याच्याही आत, 'बूट'मधल्या 'ईएफआय'वर. हा क्रम चुकला की वरचं खालच्याला झाकतं. मग 'डेव्ह', 'प्रॉक', 'सिस' आणि 'रन' ही चारही फोल्डरं आत बांधून घ्यायची आणि सी-एच-रूट करायचं. आता तुम्ही दिलेली आज्ञा घरातून दिल्यासारखी चालते.

'कॅनॉट फाइंड ईएफआय डिरेक्टरी' असं आलं, तर फॅट पार्टिशन जोडायचं राहिलंय. 'ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड' असं आलं, तर दोन शक्यता: पेनड्राइव्ह लेगसीने उठलाय, किंवा 'सिस' बांधताना त्याच्या पोटातलं 'ईएफआयव्हार्स' बाहेर राहिलंय. पहिल्या शक्यतेत मशीन बंद करून पेनड्राइव्ह पुन्हा नीट निवडून उठवणं, एवढाच मार्ग आहे.

हे डेबियन, उबुंटू, मिंट यांच्यासाठी. यूईएफआयवरच्या फेडोरात ग्रब-इन्स्टॉल चालवू नये, असं फेडोराचे लोक स्वतःच सांगतात. तिथे शिम आणि ग्रबची पॅकेजं पुन्हा बसवायची.

९. काही लॅपटॉप फक्त ठरावीक फाइल शोधतात

बूटलोडर बसला, कुठे चूक आली नाही, यूईएफआयच्या बूटनोंदी दाखवणाऱ्या 'ईएफआयबूटएमजीआर'च्या यादीत नाव दिसतं, तरी रीस्टार्ट केल्यावर लॅपटॉप त्याकडे बघतच नाही, असे लॅपटॉप मी पाहिलेत. त्यांच्यासाठी ग्रब-इन्स्टॉलला 'रिमूव्हेबल' हा पर्याय द्यायचा. मग ग्रबची प्रत 'ईएफआय' फोल्डरमधल्या 'बूट'मध्ये, 'बूटएक्स६४' नावाने जाते. कोणतीही नोंद सापडली नाही तर यूईएफआय हीच फाइल उचलतं.

१०. शेजारी विंडोज असेल तर कुलपाची किल्ली आधी घ्या

सिक्युअर बूट बंद करा, डिस्कची सेटिंग एएचसीआयवर न्या, हे सल्ले मुलांना सगळीकडे मिळतात आणि अनेकदा ते बरोबरही असतात. इंटेलचं रॅपिड स्टोरेज चालू असलेल्या मशीनवर लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, त्यामुळे ते बदलावंच लागतं. पण अनेक नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ डिस्क आपोआप एनक्रिप्ट करून ठेवतं, आणि मालकाला ते माहीतही नसतं. सेटिंग बदलली की पुढच्या वेळी विंडोज निळा पडदा दाखवून ४८ अंकी बिटलॉकर किल्ली मागतं. ती नसेल तर तो डेटा कोणीही परत आणू शकत नाही. या लेखातल्या सगळ्या बिघाडांपैकी खरोखर न भरून येणारा हाच एक आहे. म्हणून मी मुलाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून किल्ली काढून ती कागदावर लिहून घेते, दोन जणांना वाचून पडताळायला लावते, आणि मगच बायोसमध्ये शिरते. डिस्कची सेटिंग बदलायची असेल तर आधी विंडोज सेफ मोडमध्ये उठेल अशी सोय करून ठेवायची, नाहीतर विंडोज उठत नाही.

बाकीचं थोडक्यात. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. विंडोज असूनही ग्रबच्या मेनूत दिसत नसेल, तर ते गेलं असं समजू नका. जून २०२१ च्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो, ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये तो चालू करून अपडेट-ग्रब करायचं. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर जगभरच्या ड्युअल बूट मशीनवर 'एसबॅट' आणि 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा निरोप यायला लागला होता. तो आला तर सिक्युअर बूट तात्पुरता बंद करायचा (किल्ली हातात घेऊन), लिनक्स पूर्ण अपडेट करायचं आणि पुन्हा चालू करायचा.

११. विचारा, पण सगळं सांगून विचारा

या शहरात विचारायला माणसं मिळतात, हे आपलं भाग्य आहे. पुणे लिनक्स युजर्स ग्रुपच्या बैठका मॉडेल कॉलनीतल्या सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत व्हायच्या. मी तिथे मागच्या बाकावर बसून वहीत उतरवून घेत असे. ग्नूनिफाय या मुक्त सॉफ्टवेअरच्या मेळाव्यासाठी याच संस्थेत बाहेरगावची मुलंही यायची. सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा कॉफसग हा मुक्त सॉफ्टवेअरचा गट आहे. या लोकांनी मला कधी परत पाठवलं नाही. मात्र त्यांचा पहिला प्रश्न नेहमी एकच असायचा: पडद्यावर नेमकं काय होतं? 'ग्रब उडालं' एवढं सांगून कोणालाच मदत करता येत नाही. लेगसी की यूईएफआय, डिस्क किती आणि त्यांवर काय काय आहे, शेवटी काय बदललं, आणि त्या ओळीचा फोटो, एवढं घेऊन गेलात तर उत्तर बहुधा तिथल्या तिथे मिळतं. शेवटी काय बदललं, हे सांगायला मुलं लाजतात. लाजू नका. विंडोजमधून पार्टिशन उडवलं असेल तर उडवलं म्हणून सांगा.

१२. दुकानात द्यायची वेळ आली तर लिहून द्या

प्रत्येकाला हे स्वतः जमेल असं नाही आणि जमायलाच हवं असंही नाही. पुण्यात नीट काम करणारे कारागीर भरपूर आहेत. पण त्यांच्यापुढे दिवसाला वीस लॅपटॉप येतात आणि फॉरमॅट मारणं हा त्यांच्यासाठी सर्वांत लवकर होणारा उपाय असतो. तुमच्या डिस्कवर काय आहे, हे त्यांना तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही. तोंडी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत दुसऱ्या मुलाच्या हातात पोहोचत नाही. म्हणून लॅपटॉप देताना जॉबकार्डवर स्वतःच्या हाताने लिहा: 'डेटा हवा आहे. विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.' खाली सही करा, आपला फोन नंबर लिहा, आणि त्या कार्डाचा फोटो काढून मगच दुकानातून बाहेर पडा.